पेववाले दाजी आणि वर्षाचं धान्य



मे महिना उतरणीला लागला की आमच्याकडं घरोघरी एकच गडबड असते. शाळू उन्हात टाकायचा, गहू निवडून एरंडेल चोळून टाकीत भरायचा, तुरीची डाळ करून आणायची, चटणी कुटून आणायची, शेवया-कुरडया-सांडगे डब्यांत बसवायचे, शेणीचा हुडवा पावसाआधी शाकारायचा, कडब्याची गंज नीट झाकायची. ह्याला आपल्यात कुणी आपत्तीची तयारी म्हणत नाही. हा संसार आहे. पण शहरातला पाहुणा आला आणि माजघरात लोखंडी टाक्या, शेजारी पोत्यांची थप्पी बघितली की विचारतोच, "एवढं कशाला साठवून ठेवता? दुकानं नाहीत का?" आपण हसतो. त्याला काय माहीत, सुगीत घेतलेला दाणा आणि श्रावणात घेतलेला दाणा ह्यांच्या भावात किती फरक पडतो.

गंमत अशी की तोच प्रश्न आपणही कुणाला तरी विचारत असतो. आमच्या घरात तो थोरल्या दाजींना विचारला जातो.

दाजी पलूस तालुक्यातले, कृष्णाकाठचे. ऊस, थोडं सोयाबीन, चार म्हशी. आमचं गाव कडेगावच्या बाजूला, उंचावर. टेंभूचं पाणी यायच्या आधी कुसळं पिकवणारं. ताईला तिकडं दिली तेव्हा आमच्या आजीनं म्हटलं होतं, "पोरगी पाण्यात पडली, नशीब काढलं." नंतर हे वाक्य कुणी काढलं की ताई हसते, पण वेगळंच हसते.

दाजींच्या वरच्या मजल्यावर 2019 नंतर काय काय जमा झालं त्याची यादी सांगतो. गहू 12 क्विंटल. शाळू 8 क्विंटल. मिठाचे पुडे साठ. काड्यापेट्यांचा अख्खा खोका. गॅसच्या भरलेल्या दोन टाक्या, पाहुण्यांच्या नावावरच्या. इन्व्हर्टर, दोन कंदील, रॉकेल मिळत नाही म्हणून डिझेलचे कॅन. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबा हवा भरून. केशरी लाइफ जॅकेटं सहा, घरात माणसं पाच. सहावं कुणाला, असं भाच्यानं विचारलं तर म्हणाले, "अडल्यानडल्याला."

गावानं त्यांचं नाव 'पेववाले' ठेवलं. सांगलीशेजारच्या हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायची पेवं होती, त्यावरून. पारावर कुणी म्हणायचं, "पेववाल्यांना प्रलयाची तारीख कळलीय, आपल्याला सांगत नाहीत." दाजी उत्तर देत नाहीत. तमाखू मळतात आणि नदीकडं बघतात.

हसणाऱ्यांनाही 2019 माहीत आहेच. पण माहीत असणं आणि धसका बसणं ह्यात फरक आहे. दाजींच्या घराच्या भिंतीवर 2005 च्या पाण्याची खूण होती, चौथ्या पायरीला. गावातल्या प्रत्येक घराला अशी खूण होती आणि प्रत्येकाचा हिशोब तिच्यावर बसलेला होता: ह्याच्या वर येत नाही. आयर्विन पुलाजवळ 40 फुटाला इशारा आणि 45 ला धोका, हे तिकडचं लहान पोरगंही सांगतं. 2005 ला पाणी 53 च्या वर गेलं होतं, म्हणून लोकांनी धान्य त्या मापानं उचलून ठेवलं. ऑगस्ट 2019 मध्ये ते 57 च्या वर गेलं. चौथ्या पायरीची खूण पाण्याखाली कुठं गेली ते दिसलंच नाही.

पूर ओसरल्यावर मी ट्रॅक्टर घेऊन गेलो होतो. भिजलेल्या धान्याचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. गहू फुगून लोखंडी टाकीचं खालचं झाकण उघडेना, शेवटी टाकी आडवी करून पहारीनं फोडली. आतलं धान्य मधे गरम होतं, वाफ निघत होती. शाळूला कोंब आलेले. ताई ते खोऱ्यानं ट्रॉलीत भरत होती आणि तोंडातून शब्द काढत नव्हती. तिनं स्वतः निवडलेला दाणा होता तो. एक म्हैस दाव्याला गेली होती. त्यांच्याच तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, त्यात दाजींच्या ओळखीतली होती. ह्या सगळ्यानंतर एखाद्यानं सहावं लाइफ जॅकेट घेतलं तर त्याला वेडा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

तरी त्यांचा हिशोब तपासायला पाहिजे, कारण आपण शेतकरी आहोत आणि हे आपलंच पीक आहे.

पाच माणसांच्या घराला, आला-गेला धरून, महिन्याला 50 किलो धान्य लागतं. वर्षाला 6 क्विंटल. दाजींकडं 20 क्विंटल, म्हणजे तीन वर्षं आणि वर चार महिने. गव्हाचा भाव तीन हजाराच्या आसपास धरा, साधारण साठ हजार रुपये वरच्या मजल्यावर झोपलेले. ह्यात एक बरी गाभण कालवड येते. भाच्याच्या वसतिगृहाचं वर्ष निघतं. ताई एकदा म्हणाली, "सावकाराला व्याज दिसतंय तरी. ह्याचं व्याज किडं खात्यात."

किडे खातातच. पहिला पावसाळा धान्य काढतं. दुसऱ्या पावसाळ्यात सोंडे आणि भुंगेरे हिशोब मागायला येतात. धान्याचा ओलावा 12 टक्क्यांच्या खाली असेल तर किडीला जड जातं, पण नदीकाठच्या घरात जुलै-ऑगस्टला साध्या पोत्यातला दाणा हवेतला ओलावा ओढून घेतोच. मग दरवर्षी मेमध्ये सगळं खाली आणायचं, उन्हात पसरायचं, चाळायचं, गार झालं की पुन्हा वर चढवायचं. 20 क्विंटल म्हणजे पन्नास किलोची 40 पोती. खाली 40, वर 40. पोती गडी चढवतो, पण चाळणी, पाखडणं, राखण, लिंबाचा पाला, हे सगळं कुणाच्या हातानं होतं ते प्रत्येक घराला माहीत आहे. साठवणीचं कौतुक करणारे बहुतेक पुरुष असतात आणि तिच्यावर वैतागणाऱ्या बायका. ह्याचं कारण त्या भित्र्या नाहीत किंवा बेफिकीर आहेत असं नव्हे, चाळणी त्यांच्या हातात असते.

इथं एक गोष्ट कृषी विभागातल्या मित्रांनीही आपापल्या भागात सांगावी. धान्यात टाकायच्या त्या गोळ्या, अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या, राहत्या घरात वापरू नका. ओलावा लागला की त्यातून फॉस्फीन वायू निघतो. त्याला उतारा नाही. त्या गोळ्या बंद गोदामासाठी आणि शिकलेल्या माणसाच्या हातासाठी आहेत. दाजींनी कुठूनतरी एक नळी आणली होती. वरच्या मजल्यावर धान्य आणि त्याच मजल्यावर म्हातारी सासू झोपायला. ताईनं ती नळी बघितली आणि त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. दाजींनी गुपचूप परत केली. हवाबंद पिशव्या आता मिळतात. दाणा आधी खडखडीत वाळलेला असेल तर आत किडीला हवाच मिळत नाही. थोड्या महाग आहेत, पण एका पोत्याचा विचार केला तर परवडतात. वर्षाच्या धान्याला एरंडेल, डाळीला राख, एवढ्यावर आपल्या आया-आज्यांनी घरं चालवली.

आजीचा विषय निघालाच आहे तर 72 सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तिनं 72 ला खडी फोडली. मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली. पुढं घरात पोती रचलेली असतानाही ती रोज रात्री कणगीत हात घालून बघायची. दाणा कुठवर आला ते कोपरानं मोजायची. तिच्या हिशोबात दुष्काळ म्हणजे धान्य नसणं. पण नंतरचे दुष्काळ तसे आलेच नाहीत. 2013 ला रेशनला धान्य होतं, प्यायला पाणी नव्हतं, दावणीला वैरण नव्हती. 2016 ला आमच्या मिरजेतून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. आजीची कणगी त्या साली भरलेली होती आणि तिचा काही उपयोग नव्हता. जनावर शाळूचे दाणे किती दिवस खाईल?

हरिपूरच्या पेवांचंही तसंच. जमिनीत खोल, हवा बंद, हळद वर्षानुवर्षं टिकायची, भाव बघून काढायची. कीड, चोर, ऊन, सगळ्यांपासून राखलेली. 2005 च्या पुरात त्यांच्यात पाणी शिरलं. जमिनीखालच्या मालाला वर उचलणार कोण आणि कधी?

म्हणून दाजींना 'पेववाले' म्हणणाऱ्यांनी नकळत नेमकं नाव ठेवलं, असं मला वाटतं. माणूस साठवण करतो ती मागच्या संकटाच्या मापानं. 2019 ला पाणी तळमजला बुडवून गेलं, म्हणून दाजींनी सगळं वर नेलं. हे बरोबरच. पण त्यातून मनात एक गणित बसलं: वर सगळं आहे, म्हणजे आता घर सोडायचं कारण नाही.

त्याआधी मधे लॉकडाऊन येऊन गेला आणि दाजींचा भाव एकदम वाढला. खरं तर मार्च 2020 मध्ये आपल्या गावांत धान्याला कुणी मोताद नव्हतं. सुगी नुकतीच झालेली. अडलं ते भलतंच. बीपीच्या गोळ्या, ठिबकचे वॉशर, चहा-साखर, आणि सगळ्यात मोठं म्हणजे गिऱ्हाईक. तासगावकडं द्राक्षं वेलीवर आणि व्यापारी गायब, मग मिळेल त्यानं बेदाणा केला. कोंबडीची अफवा तर त्याआधीच पसरली होती, पोल्ट्रीवाले आधीच झोपलेले. दाजींनी वरचा मजला उघडला. गावाबाहेर ऊसतोडीची टोळी अडकली होती, बीडकडची माणसं, हंगाम संपत आलेला, परत जायला वाहन नाही. त्यांच्या कोप्यांवर दोन पोती शाळू गेला. चहा-साखर उसनी गेली. पारावर महिनाभर कुणी 'पेववाले' म्हटलं नाही.

त्या टोळीतल्या एका बाईनं ताईला विचारलं होतं, "तुमचं एवढं ठेवायला घर आहे का वर?" ताईला ते लागलं. रोजच्या रोज हजेरीवर तेलाची पिशवी आणणाऱ्या घरानं काय साठवायचं आणि कुठं? ज्याला आपण बेफिकिरी म्हणतो ती पुष्कळदा रिकामी मूठ असते. साठवणीवर हसणारे दोन प्रकारचे असतात. एकाला गरज वाटत नाही, दुसऱ्याला परवडत नाही. पारावर दोघं शेजारी बसून एकच हसू हसतात.

आता जुलै 2021. आषाढी होऊन दोन-तीन दिवस झाले होते. घाटात पाऊस कोसळत होता, कोयनेचा विसर्ग वाढतोय असे निरोप येत होते. 2019 चा चटका ताजा असल्यामुळं ह्या वेळी लोक लवकर हलले. जनावरं आधी, मग म्हातारी माणसं. ताई सासूला, पोरांना आणि म्हशींना घेऊन रात्री अकरा वाजता आमच्या दारात. भिजलेली, पायात एक चप्पल. मी विचारलं, "दाजी?"

"वर बसल्यात. राखणीला."

फोन लावला. म्हणाले, "पाव्हणं, काळजी करू नका. गॅस हाय, धान्य हाय, इन्व्हर्टर हाय. चोऱ्यामाऱ्या होत्यात पुरात. मी बघतो." ताईनं फोन घेतला. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मी गोठा सोडून आले. तुम्हाला पोती सोडवंनात?" तिकडून काही उत्तर आलं नाही. मग रेंज गेली.

पाणी पन्नास फुटांच्या पुढं गेलं. तीन दिवस ताईनं काय खाल्लं असेल ते विचारू नका. सासू माळ ओढत बसलेली. भाचा मोबाईल घेऊन गच्चीवर, कुठं रेंज येते बघत. आमच्या घरात त्या दिवसांत सगळं होतं, आणि ताट वाढलं की कुणी हात लावत नव्हतं.

दाजींचं तिकडं काय झालं ते नंतर कळलं. धान्य 20 क्विंटल, पण पीठ चार किलो. गावातली गिरण पाण्याखाली, वीज नाही. गहू भिजवून शिजवून खाल्ला. सगळ्यात आधी संपलं ते पिण्याचं पाणी. वीस लिटरचे दोन जार भरलेले होते, त्यातला एक ट्यूबांच्या आडोशाला लवंडून सांडला. चारी बाजूंनी समुद्र आणि माणूस पत्र्याच्या वळचणीखाली पातेलं धरून बसलेला. तिसऱ्या दिवशी बचावाची बोट आली. बोटीतल्या पोरांनी, सगळी पंचविशीतली असतील, विजेच्या तारा चुकवत बोट भिंतीला लावली. ज्या घरात तीन वर्षांचं धान्य होतं त्या घरातल्या एका माणसासाठी. दाजी लाइफ जॅकेट घालूनच उतरले. हातात एक पिशवी: सातबारे, पासबुकं आणि सोयाबीनचं पाच किलो बियाणं.

आमच्याकडं पोचले तेव्हा ताईनं पाण्याचा तांब्या दिला आणि आत निघून गेली. दोन दिवस बोलली नाही.

पाणी वरच्या मजल्याला लागलं नव्हतं. पोती कोरडी राहिली. म्हणजे दाजींचं गणित चुकलं असंही म्हणता येत नाही. पूर उतरल्यावर गावात कुणाच्या घरात मूठभर दाणा नव्हता, तेव्हा दाजींची 10 पोती ट्रॉलीत घालून आमच्या गावच्या गिरणीवर दळली आणि पीठ परत तिकडं पाठवलं. दोन दिवस गिरण थांबली नाही. पारावरच्याच मंडळींनी पिठाच्या पिशव्या नेल्या. ताई ते पीठ स्वतः मापून देत होती. मी म्हटलं, "बघ, शेवटी उपयोगाला आलंच की." पिशवीची गाठ मारता मारता म्हणाली, "धान्य वाचलं. त्याला मी कुठं नाव ठेवलं? पण तीन दिवस मी कपाळाला कुंकू लावताना हात थरथरत होता, ते कुणाच्या मापात धरायचं?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

माझा स्वतःचा विचार सांगतो, पटला तर घ्या. साठवणीला माझा विरोध नाही. शेतकऱ्याच्या घरात वर्षाचा दाणा असलाच पाहिजे. पण खात जाईल आणि भरत जाईल एवढाच. जे धान्य आपण खाण्यासाठी काढतच नाही, नुसतं चाळतो आणि परत ठेवतो, ते अन्न राहत नाही, देव्हाऱ्यातला देव होतं, आणि देव सोडून कुणी घराबाहेर पडत नाही. नदीकाठच्या घरानं धान्याआधी पाण्याचा विचार करावा, दहा-पंधरा दिवसांचं पीठ-पोहे-शेंगदाणे असे बिनगिरणीचे पदार्थ ठेवावेत, कागदपत्रं एका पिशवीत, आणि कुठल्या आकड्याला घर सोडायचं ते मे महिन्यात घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवावं. बाईचं मत धरून. डिझेलचे कॅन राहत्या मजल्यावर तर अजिबात नकोत. 2019 ला कितीतरी घरांत पाण्यावर तेलाचा तवंग होता.

भाच्यानं मागं मोबाईलवर दाखवलं, स्वीडनच्या सरकारनं 2018 ला आणि परत 2024 ला घरोघरी पुस्तिका वाटली, संकट आलं किंवा युद्ध झालं तर घरात काय असावं ह्याची. दाजींना भारी आनंद झाला. "बघ, सरकार सांगतंय तिकडं." मी म्हटलं, सांगू दे की. त्यांचं संकट त्यांच्या मापाचं. आपल्या सांगली जिल्ह्याचं माप तर असं की 2019 च्या ज्या उन्हाळ्यात जत-आटपाडीला चारा छावण्या होत्या, त्याच वर्षीच्या ऑगस्टात पलूस-मिरज बुडालं. एका जिल्ह्यात दोन्ही. म्हणून जुनी माणसं सोयरिकी करताना एक पोरगी काठाला आणि एक माळाला द्यायची की काय असं मला कधी कधी वाटतं. आमच्याकडं वैरण नव्हती तेव्हा 2013 ला आमच्या गाई दाजींच्या उसाच्या वाड्यावर चार महिने जगल्या. त्यांचं गाव बुडालं तेव्हा त्यांच्या म्हशी आमच्या दावणीला. कुठल्या यादीत हे लिहिलेलं नसतं, पण आमच्या घरात आजवर खरंखुरं कामाला आलेलं हेच.

ह्या वर्षी ताईनं आकडा ठरवलाय. 8 क्विंटल, दाणाही जास्त नाही. बाकीचं दाजींनी विकलं, त्यातून गोठ्यासाठी उंच ओटा बांधायला घेतलाय. आणि 45 फूट व्हायच्या आधी घरातला प्रत्येक माणूस बाहेर, हे भिंतीवर खडूनं लिहिलंय, जुन्या चौथ्या पायरीच्या वर. दाजींनी एवढं मान्य केलं, पण लाइफ जॅकेटं सहाच्या सहा ठेवली. त्यांना ऊन दाखवून, बक्कल तपासून परत खुंटीला अडकवली.

बियाण्याच्या बाबतीत मात्र त्यांच्याशी भांडायला जागा नाही. 2020 ला सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर बोंब झाली तेव्हापासून ते घरचंच ठेवतात. चारपेक्षा जास्त पोती एकावर एक नाहीत, खाली लाकडी फळी, पोतं आपटायचं नाही. परवा आम्ही दोघांनी मिळून गोणपाटात 100 दाणे मोजून गुंडाळले. काल उघडलं. 81 उगवलेत. 70 च्या वर असलं की नेहमीच्या मापानं पेरायला हरकत नाही. ज्यांनी अजून उगवण तपासली नाही त्यांनी ह्याच आठवड्यात तपासून घ्या, आणि तुमच्याकडं किती आली ते खाली कळवा.